जंगल सरकारचे, वावर आपले, वणवा दोघांचा: सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, शहादा, तळोदा. यातल्या कुठल्याही तालुक्यातून उत्तरेला पाहिले की डोंगर एकच दिसतो. कागदावर तो एक नाही. एखाद्या नाल्याच्या काठाने वर चालत गेलात तर तासाभरात सातबाऱ्याची जमीन, गायरान, महसुली पड, वनपट्टा (वनहक्क कायद्याने कसणाऱ्याला मिळालेली वनजमीन) आणि राखीव वन अशा पाच प्रकारच्या जमिनी पायाखालून जातात. डोंगर पुन्हा उभा करायचा तर हे पाचही तुकडे एकत्र धरावे लागतात. बैठकांमध्ये आणि बांधावर उभ्या उभ्या जे प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे उत्तरांसह लिहिले आहेत.

जंगल वन विभागाचे आहे. आम्ही शेतकऱ्यांनी त्यात का पडायचे?

"जंगल सरकारनं, वावर आमनं," हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकले असेल याची मोजदाद नाही. मालकीपुरते ते बरोबर आहे. पण पाणी, आग, गुरे, तण आणि डुकरे यांतले काहीही हद्दीचा बुरूज पाहून थांबत नाही.

पाण्याचेच घ्या. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे आणि वाळूचा एक जाड पट्टा आहे. भूशास्त्रात त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावरून उतरणारे पाणी या पट्ट्यात मुरते आणि तिथून पुढे यावल-रावेरच्या गाळाच्या जमिनीखाली सरकते. केळीच्या ट्यूबवेलला जे पाणी लागते त्याचा मोठा वाटा या वाटेने येतो. वरचा उतार पाला, गवत आणि मुळ्यांनी झाकलेला असेल तर पाणी हळू उतरते आणि मुरायला वेळ मिळतो. उतार उघडा असेल तर तोच पाऊस दोन तासांत माती घेऊन नाल्याने तापीला जातो. या पट्ट्यातल्या विहिरी आणि ट्यूबवेल गेल्या काही दशकांत किती खोल गेल्या, हे केळी पिकवणाऱ्याला सांगावे लागत नाही. उपसा हे त्याचे मोठे कारण आहेच, आणि ते झाकून ठेवू नये. पण वरून येणारी भर कमी होणे हेही कारण आहे, आणि ते दुरुस्त करणे आपल्या हातात आहे.

जंगल आजारी आहे हे ओळखायचे कसे? लांबून तर हिरवेच दिसते.

ऑगस्टमध्ये पाहू नका. पावसाळ्यात पडीक रानही हिरवे दिसते. डिसेंबर-जानेवारीत आत जा आणि झाडांच्या शेंड्यांकडे न पाहता गुडघ्याच्या उंचीवर पाहा. साग, धावडा, अंजन, सालई, मोह यांची मोठी झाडे उभी आहेत, पण गुडघ्याएवढे, कमरेएवढे, माणसाच्या उंचीचे एकही पोर नाही, असे दिसले तर ते जंगल संपत आलेले आहे. आज तोड शून्य झाली तरी ही झाडे म्हातारी होऊन पडतील आणि त्यांच्या जागी कोणी नसेल.

आणखी काही खुणा आहेत. बुंध्याच्या डोंगराकडच्या बाजूला काळा पोकळ खड्डा दिसला, तर तिथे पाला साचून दरवर्षी आग लागते. मुळ्या जमिनीच्या वर उघड्या पडल्या असतील तर माती गेली आहे. जिथे पवन्या, मारवेल ही गवते असायची तिथे नुसती कुसळी, रानतुळस किंवा घाणेरी असेल तर चराई आणि आग दोन्ही जास्त झाली आहेत.

म्हणजे रोपे लावायची. वन विभागाकडून किती मिळतील?

थांबा. हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो.

आपल्या भागातल्या बहुतेक झाडांची मुळे जिवंत आहेत. साग, धावडा, टेंभुर्णी, पळस, ऐन यांचे खुंट जमिनीत दबून बसलेले असतात. दर पावसाळ्यात ते फुटतात, गुरे शेंडा खातात, उरलेले मार्च-एप्रिलच्या आगीत जळते, आणि पुढच्या जूनमध्ये ते पुन्हा फुटतात. काही खुंट वर्षानुवर्षे हेच करत आले आहेत. त्यांच्या मुळ्यांत साठवण असते आणि त्या खोल गेलेल्या असतात. पिशवीतल्या रोपाला तेवढे मूळ करायला किती उन्हाळे लागतील याचा विचार करा. अंजनाचे बी रुजले की पहिली काही वर्षे ते वर फारसे वाढतच नाही, सगळे बळ खाली मूळ नेण्यात घालते. आपल्याकडच्या उथळ, मुरमाड जमिनीत ते मूळ हीच झाडाची खरी कमाई असते.

म्हणून आमचे उत्तर ठरलेले आहे: तीन पावसाळे राखा. आग नाही, मोकाट चराई नाही, कुऱ्हाड नाही. पहिल्या वर्षी गवत दिसते आणि लोक म्हणतात, नुसते गवतच आले. दुसऱ्या वर्षी फुटवे गवताच्या वर डोके काढतात. तिसऱ्या पावसाळ्यानंतर बरेच फुटवे शेळीच्या तोंडापलीकडे गेलेले असतात. मग एका खुंटावरचे एक-दोन सरळ, जोरकस फुटवे ठेवून बाकीचे काढायचे.

राखूनही जे परत येत नाही तेवढेच लावायचे. मोहाचे पहा. त्याच्या बिया तेलासाठी वेचल्या जातात, उरलेल्या आगीत जातात, त्यामुळे रानात मोहाचे पोर सापडणे कठीण झाले आहे. मोहाचे बी फार दिवस टिकत नाही, तेव्हा ते ताजे असतानाच जून-जुलैत जागेवर टोचावे. चारोळी, बेहडा, बिबा, आवळा यांचेही बी गावातल्याच झाडांचे घ्यावे. सालईची आणि पांगाऱ्याची जाड फांदी पावसाच्या तोंडावर रोवली तर जगते. बांधावरच्या जिवंत कुंपणाला हाच स्वस्त उपाय आहे.

आणि कृपा करून जंगलात गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावू नका. लवकर हिरवे दिसते एवढेच. तो हिरवा रंग फोटोत येतो, पण मोह-चारोळीसारखे काही त्याखाली वेचायला मिळत नाही.

समतल चर खोदावेत की नाही?

उघड्या, झाड-झुडूप नसलेल्या उतारावर जरूर. जिथे खुंट आहेत तिथे नाही. एके वर्षी आम्ही उत्साहाने सलग समतल चर आखले आणि खोदणाऱ्यांनी रेषेत आलेले धावड्याचे खुंट उपटून बाजूला टाकले. पाणी अडले, पण जे वाचवायला गेलो तेच गेले. आता आम्ही आधी खुंटांना चुन्याची खूण करतो आणि चर मध्येच तोडून पुढे नेतो. नाल्यात मात्र वरपासून खालीपर्यंत छोटे दगडी बांध घालावेत.

वणवा लागतो कसा? कोणी मुद्दाम लावते का?

फेब्रुवारी ते मे या काळात आपल्या भागात विजा पडून आग लागल्याचे उदाहरण शोधावे लागेल. जवळजवळ सगळ्या आगी माणसाच्या हातून लागतात, आणि त्यातल्या अनेक मुद्दाम नसतात. कपाशी निघाली की पऱ्हाटी उपटून बांधावर ढीग करतात आणि पेटवतात. केळीचा पालापाचोळा, मक्याची धाटे, गव्हाचे काड यांचेही तेच. दुपारी वारा सुटतो, ठिणगी बांध ओलांडते आणि आग चढणीला लागते. उतारावर आग वरच्या दिशेने फार वेगाने जाते. संध्याकाळी गावातून डोंगरावर लाल माळ दिसते, आणि कोणाच्या वावरातून ती निघाली हे सगळ्यांना माहीत असूनही कोणी बोलत नाही.

बाकीची कारणेही ओळखीची आहेत: मोहाखाली पाला जाळणे, तेंदूला नवी पालवी यावी म्हणून, नवे गवत लवकर यावे म्हणून, विडीचे थोटूक. आपल्याकडची आग जमिनीलगत जाते, मोठे झाड मरत नाही, म्हणून "काय बिघडते?" असे विचारले जाते. मरते ते वर सांगितलेले गुडघ्याएवढे पोर. त्याबरोबर पाला जातो, आणि पाला नसला की पहिला पाऊस थेट मातीवर आपटतो.

कायद्याने राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. जंगलाला धोका होईल अशा रीतीने आग पेटती सोडून देणे हाही गुन्हाच. त्याच अधिनियमाच्या कलम ७९ नुसार वनातून काही घेण्याचा हक्क किंवा परवानगी ज्यांना आहे, त्यांच्यावर आग विझवायला मदत करण्याची जबाबदारी येते. पण गुन्हा दाखल करून डोंगर परत येत नाही. ढीग पेटण्याआधीच काही करता आले पाहिजे.

मग बांधावर नेमके काय करायचे?

वन विभाग आपल्या बाजूने जाळरेषा काढतो, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून पाला-गवत आधीच काढून मोकळा केलेला पट्टा. राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात, आणि जाळरेषा त्याआधी व्हायला हवी. आपण आपल्या बाजूने वनहद्दीला लागून किमान तीन मीटरचा पट्टा काडी-कचरा उचलून, शक्य तर नांगरून मोकळा ठेवायचा. हे दोन्ही पट्टे एकमेकांना लागून असले तर खर्च निम्मा आणि काम दुप्पट होते. वनरक्षकाला जानेवारीतच विचारा की यंदा रेषा कुठून कुठे जाणार, आणि आपला पट्टा तिला जोडून घ्या.

साखळीची एक कडी सुटली तरी सगळे वाया जाते. आमच्याकडे एका हंगामात ओळीने सगळ्यांनी पट्टा साफ केला. एकच वावर राहिले, कारण मालक नोकरीनिमित्त परगावी आणि जमीन पडीक. आग तिथूनच शिरली. तेव्हापासून गैरहजर मालकांची यादी दिवाळीतच काढतो. त्यांना फोन करून परवानगी घेतो आणि त्यांचा पट्टा गावच साफ करते. आजवर कोणी नाही म्हटलेले नाही. त्यांना फक्त कोणी विचारलेले नव्हते.

पऱ्हाटी जाळण्याऐवजी रोटाव्हेटर किंवा कुट्टी यंत्राने बारीक करून जमिनीत घालता येते. यंत्र भाड्याने चार-पाच जणांनी मिळून आणले तर परवडते. अगदीच जाळायची असेल तर वावराच्या मध्यभागी, पहाटे वारा पडलेला असताना, शेजाऱ्याला सांगून आणि पाण्याचा पंप जोडून ठेवून. बांधावर कधीच नाही.

आग दिसली तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. भारतीय वन सर्वेक्षणाकडे नाव नोंदवले तर उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना मोबाइलवर येते. गावातल्या दोन-तीन तरुणांनी तरी ही नोंदणी करावी. विझवायला जाताना आगीच्या वरच्या अंगाला उभे राहू नका आणि नायलॉनचे कपडे घालू नका. बाजूने, हिरव्या फांद्यांनी झोडपत या.

मोह वेचणाऱ्यांना जाळू नका म्हणायचे, मग त्यांनी फुले कशी वेचायची?

रास्त प्रश्न आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे पडलेली फुले कोरड्या पाल्यात दिसत नाहीत. एखाद्या पावरा किंवा भिल्ल कुटुंबासाठी ही वर्षातली महत्त्वाची रोख कमाई असते. त्यांना नुसती बंदी सांगणे अन्यायाचे आहे. झाडाखाली जाळी बांधली किंवा जुन्या साड्या जोडून अंथरल्या तर फुले स्वच्छ मिळतात, राख-माती लागत नाही. ते जमत नसेल तर झाडाखालचा पाला झाडून गोल करायचा आणि भोवती हातभर रुंद जागा उघडी ठेवायची. जाळ्यांचा खर्च खालच्या बागायतदारांनी द्यावा असे आमचे स्पष्ट मत आहे. वरचा पाला वाचला तर फायदा त्यांच्या विहिरीला होतो. तेंदूसाठी आग लागत नाही. झुडूप जमिनीलगत छाटले की फूट चांगली येते.

चराईबंदी केली तर गुरे कुठे न्यायची? आणि ठेलारींचे काय?

सगळे रान एकदम बंद करू नका. कोणतेही गाव ते पाळू शकत नाही. रानाचे तीन-चार भाग करा, एक भाग तीन पावसाळे बंद ठेवा, बाकीचे चालू. बंद भागात गुरे नाहीत, पण गवत कापून नेण्याची मुभा ठेवा. कापणी बी गळून पडल्यावर, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर. त्याआधी कापले तर पुढच्या वर्षी चांगले गवत कमी आणि कुसळी जास्त. धुळे तालुक्यातल्या लामकानीने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून उघडा डोंगर गवताने भरून काढला आहे. शक्य असेल तर गावातली मंडळी घेऊन एकदा तिथे जाऊन या. तासाभराच्या भाषणाने पटत नाही ते तो डोंगर पाहून पटते.

ठेलारी आणि धनगर मेंढपाळ बाहेरचे नाहीत. त्यांच्या वाटा आपल्या हद्दींपेक्षा जुन्या आहेत. मेंढ्या कोणत्या महिन्यात कुठून जाणार, कुठे बसणार, हे त्यांच्यासोबत बसून ठरवा. कापणी झालेल्या वावरात मेंढ्या बसवल्या तर खत मिळते आणि बंद रानावरचा ताण कमी होतो. ज्या गावांनी त्यांना बैठकीला बोलावलेच नाही, तिथे रात्री बंद रानात मेंढ्या शिरल्याच्या तक्रारी होतात.

घाणेरी काढली की पुन्हा येते. काही इलाज?

वरून कापली तर येणारच, आणि आधीपेक्षा दाट. जमिनीच्या खाली चार-पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ कुदळीने तोडायचे आणि झुडूप उलटे करून ठेवायचे, म्हणजे फांद्या पुन्हा मूळ धरत नाहीत. फळे पिकण्याआधी काढा, कारण बुलबुल वगैरे पक्षी बी सगळीकडे टाकतात. मोठ्या झाडाखाली, जिथे पक्षी बसतात, तिथे पुढची दोन-तीन वर्षे नवी रोपे उपटत राहा. मोकळ्या झालेल्या जागेवर लगेच मारवेल किंवा पवन्याचे बी फेका. जागा रिकामी ठेवली तर रानतुळस येते. आणि हे बांधाच्या दोन्ही बाजूंना एकाच हंगामात करा. एका बाजूचे काढून दुसऱ्या बाजूचे ठेवले तर मजुरी फुकट गेली असे समजा.

माझ्या मालकीच्या जमिनीत झाडे वाढू दिली तर उद्या ती जमीन सरकार घेईल का?

ही भीती हवेतून आलेली नाही. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ खाली ३० ऑगस्ट १९७५ रोजी खाजगी वने राज्याकडे निहित झाली, आणि अनेक सातबाऱ्यांवर अजून ती नोंद आहे. पण तो कायदा त्या दिवशी वन असलेल्या जमिनींचा आहे. आज तुम्ही बांधावर मोह आणि अंजन वाढवलेत म्हणून वावराचे खाजगी वन होत नाही. सातबाऱ्यावरचे 'इतर हक्क' एकदा नीट वाचा. तशी नोंद असेल तर आधी तलाठ्याकडे फेरफार पाहा.

तोडीचे वेगळे. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ नुसार साग, मोह, खैर, आंबा, चिंच अशी अनुसूचित झाडे स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. म्हणून झाड लावले वा राखले की सातबाऱ्यावर त्याची नोंद करून घ्या, पुढे वाद राहत नाही. बांबूची अडचण भारतीय वन अधिनियमाच्या २०१७ च्या दुरुस्तीने कमी झाली. वनाबाहेरचा बांबू आता त्या वन अधिनियमात झाड धरला जात नाही.

वनपट्टा मिळाला आहे. त्यावर झाडे ठेवली तर हक्क जाईल का?

नाही. वनहक्क कायदा, २००६ खाली मिळालेला पट्टा वारसाने पुढे जातो, विकता येत नाही, आणि पती-पत्नी दोघांच्या नावे असतो. झाड उभे आहे म्हणून तो रद्द होत नाही. पट्ट्यावर मोह, चारोळी, आवळा आणि मध्ये पीक, ही उतारावरच्या जमिनीसाठी सगळ्यात शहाणपणाची शेती आहे.

त्याहून मोठी गोष्ट सामूहिक हक्काची. याच कायद्याच्या कलम ३(१)(झ) ने गावाला आपल्या सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे. ज्या ग्रामसभेकडे हे मान्यतापत्र आहे, ती आग आणि चराईचे नियम स्वतः करू शकते आणि वन विभागाशी बरोबरीने बोलू शकते. अनेक गावांत मान्यतापत्र पेटीत ठेवलेले आहे आणि नियम अजून लिहिलेले नाहीत. ते लिहायला घ्या.

जंगल वाढले की बिबटे आणि डुकरे वाढतील. नुकसान आमचेच ना?

बिबट्या आजही उसात आणि केळीत राहतो. मुक्ताईनगरकडे डोलारखेड्याच्या बाजूला तर वाघ केळीच्या बागांतून वावरतात. तिथला भाग २०१४ मध्ये मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाला. वर आडोसा, पाणी आणि भक्ष्य नसले की जनावर खाली येते. डुक्कर आणि रोही यांचा त्रास जंगल सुधारल्याने लगेच थांबेल असे सांगणे खोटे ठरेल, तसे आम्ही म्हणत नाही. पीक नुकसानीचा अर्ज तीन दिवसांच्या आत, फोटोसह द्या. उशिरा दिलेला अर्ज अडकतो. कुंपण सौर झटक्याचे चालते. थेट लाईनचा करंट मात्र तारेत कधीही सोडू नका. त्याने माणसे मेली आहेत, गुरे मेली आहेत, आणि सोडणारा तुरुंगात गेला आहे.

हे कुठे जमले आहे का, की नुसते बोलणे?

साक्री तालुक्यातले बारीपाडा पाहा. कोकणा आदिवासींच्या या लहान पाड्याने ४०० हेक्टरांच्या वर जंगल राखले. चैत्राम पवार यांना त्या कामासाठी २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथले जंगल सरकारी, राखणारे हात गावाचे, आणि नियम तोडणाऱ्याला दंड गावच करते. आम्हाला तिथली रानभाज्यांची स्पर्धा सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्या बाईला पन्नास-साठ भाज्या कुठे उगवतात हे माहीत असते, तिला जंगलाची तब्येत कोणत्याही नकाशापेक्षा आधी कळते. आपल्या वन समितीत अशा बायका किती आहेत, हे मोजून पाहा.

पैसा कुठून आणायचा?

राखायला फार लागत नाही. राखणदाराचा पगार, मोहाखालच्या जाळ्या, पाला उडवणाऱ्या ब्लोअरचे पेट्रोल, एवढेच. दगडी बांध आणि चर रोजगार हमीतून होतात. पेसा क्षेत्रातल्या (आदिवासी भागातील ग्रामसभांना खास अधिकार देणारा कायदा जिथे लागू आहे तिथल्या) ग्रामपंचायतींकडे आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी येतो, त्यातून राखणदार नेमता येतो. खालच्या बागायती गावाने दर ट्यूबवेलमागे काही ठरावीक रक्कम वरच्या गावाला द्यावी, हा आमचा आग्रह अजून सगळीकडे पटलेला नाही. आम्ही तो सोडणार नाही.

पहिली बैठक कधी आणि कुठे घ्यावी?

दोन घ्याव्या लागतात. वरच्या पाड्यांतली निम्मी माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जातात आणि होळीला परततात. म्हणून पहिली बैठक पोळा ते दिवाळीच्या दरम्यान, पट्टे आणि जाळरेषेची वाटणी करायला. दुसरी होळीआधी भरणाऱ्या आदिवासींच्या भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात, कारण तेव्हा सगळे घरी असतात आणि मोहही गळू लागलेला असतो.

जागा ग्रामपंचायतीची नको, वन विभागाची चौकीही नको. पुष्कळ गावांच्या शिवेवर वाघदेव आहे. तिथे बसा. गटनंबरांचा आणि वन कक्षांचा नकाशा एकाच कागदावर काढून न्या, वनरक्षकाला बोलवा, खालच्या गावचे दोन बागायतदार आणि मेंढ्यांचा म्होरक्या यांनाही बोलवा. मग उठून सगळ्यांनी मिळून हद्दीने चाला, एका बुरुजापासून दुसऱ्यापर्यंत, आणि ज्याचा पट्टा जिथे येतो तिथे त्याच्याच हाताने चुन्याची रेघ मारून घ्या.